जॉयस्टिकचे आकडेही शिकवा

संपादक महोदय,

मराठवाड्यातील महाविद्यालयांत गेम इंजिन (गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर) शिकवताना जॉयस्टिकच्या मूल्यांसाठीही एखादा तास राखावा, अशी कळकळीची विनंती आहे. एक्सइनपुटमध्ये, म्हणजे गेम कंट्रोलरची स्थिती वाचणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत, स्टिकचे प्रत्येक अक्षावरील मूल्य -३२७६८ ते ३२७६७ असते आणि बोट काढल्यावरही ते शून्यावर स्थिरावेलच असे नाही. म्हणून डाव्या स्टिकसाठी ७८४९ इतका डेड झोन, म्हणजे ज्याच्या आतली हालचाल शून्यच मानायची अशी मर्यादा, सुचवलेला आहे. तो दोन्ही अक्षांना स्वतंत्रपणे लावल्यास किंचित तिरकी हालचाल सरळ आडवी किंवा उभी होऊन बसते, त्यामुळे तो दोन्ही अक्षांच्या मूल्यांनी मिळून बनणाऱ्या सदिशाच्या एकूण लांबीलाच लावावा. शिवाय उरलेली व्याप्ती पुन्हा ० ते १ मध्ये बसवावी, अन्यथा डेड झोन ओलांडताच पात्र झटक्याने पळते आणि सावकाश चालणे अशक्य होते. झिजलेल्या जुन्या कंट्रोलरवर शिकणाऱ्या मुलांना याची सर्वाधिक गरज आहे.

— एक संगणक शिक्षक, परभणी