मशीन चालू होत नाही, एवढंच सांगून कसं चालेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात सत्तरीच्या एका वाचकाचं पत्र होतं, गवत कापायचं मशीन चालू होत नाही, मेस्त (मेकॅनिक) म्हणतो कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदला, काय करू? त्यावर मग तीन उत्तरं छापून आली. एकाने सांगितलं प्लग बदल, दुसऱ्याने सांगितलं मशीनच बदल, तिसऱ्याने इथेनॉलवरून सरकारला धू धू धुतलं. तिघंही बरोबर असतील किंवा तिघंही चूक, कळायला मार्गच नाही, कारण मूळ प्रश्नात काही माहितीच नव्हती. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणायचं आणि औषध मागायचं, तसं झालं हे.

आमच्या सावईवेऱ्याच्या बाजूला कुळागरवाल्या (नारळ-सुपारीच्या बागवाल्या) प्रत्येकाकडे एकतरी छोटं इंजिन असतंच. ग्रास कटर, पंप, फवारणीचा पंप, कुणाकडे पॉवर टिलर. माझ्याकडेही लोक घेऊन येतात, मी काही शिकलेला मेकॅनिक नाही, पण उघडून बघायची खोड आहे. आणि जो येतो तो हेच एक वाक्य बोलतो, चालूच होत नाही. अरे पण कधीपासून? बंद पडलं तेव्हा हळूहळू दम तोडत बंद पडलं की खटकन? गरम असताना बंद पडतं की थंड असतानाच घेत नाही? एवढ्या गोष्टी सांगितल्या की अर्धं काम तिथेच होतं, मग तो सल्ला पेपरातून द्या नाहीतर फोनवरून.

त्या सत्तरीच्या दादांना माझं सांगणं, आधी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि उजेडात धरा. आपल्याकडे कटर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास भरपूर चालतो, मग काजूखालची साफसफाई झाली की कोपऱ्यात जातो तो थेट पहिल्या पावसात बाहेर येतो, आणि पंपाचं बरोबर उलट, तो पावसाळाभर पडून. म्हणजे कुठलं ना कुठलं मशीन पोटात जुनं पेट्रोल घेऊन महिनोन् महिने बसलेलं असतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, हे टार्गेट आधी २०३० चं होतं ते अलीकडे ओढलं, आणि इथेनॉल हवेतली ओल खेचतं. गोव्याची हवा तुम्हाला माहीतच आहे, पापड दुपारी तळला तर संध्याकाळी मऊ. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातून ओढते. टू-स्ट्रोकमध्ये (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात) तर अजून वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे इंजिन चालू झालंच तरी बिनऑइलचं चालणार आणि पिस्टन धरून बसणार. बाटलीत दोन थर दिसले, रंग काळपट असला किंवा वास वार्निशसारखा आला तर ते टाकीत परत घालू नका. यावरून सरकारला शिव्या देऊन काय होणार, मशीन ठेवताना टाकी रिकामी करायची आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, एवढं आपल्या हातात आहे. फ्लोटवाला (आत पेट्रोलची पातळी धरणारा तरंगता गोळा असलेला) कार्बोरेटर असेल तर खालच्या वाटीचा स्क्रू सोडून तीपण रिकामी करायची.

नवीन पेट्रोल घालूनही नाही झालं तर आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग (आत ठिणगी पाडतो तो) काढून बघा. ओला आहे की कोरडा, सगळं यावरच ठरतं आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. प्लग ओला म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी नाही किंवा चोक (हवा कमी करणारी कळ) लावून लावून इंजिन पेट्रोलने तुंबलंय. तुंबलं असेल तर प्लग बाहेर ठेवून, स्विच बंद करून चार-पाच वेळा दोरी ओढायची, प्लग पुसून लावायचा आणि चोक न लावता ओढायचं. ठिणगी बघायची असेल तर प्लग टोपीत घालून त्याची लोखंडी बाजू इंजिनाच्या पाखांना (बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांना) टेकवायची आणि कुणालातरी ओढायला सांगायचं, निळसर ठिणगी दिसली पाहिजे, पण प्लगच्या भोकापासून लांब धरा, आतून पेट्रोलची वाफ येते, भडका उडतो. प्लगचं अंतर बहुतेक छोट्या इंजिनांना ०.६ ते ०.७ मि.मी. लागतं. नवीन प्लग लावूनही ठिणगी नाही तर कॉइल (ठिणगीची वीज देणारी) किंवा स्विचची वायर, आणि वायर आमच्याकडे बरेचदा उंदराने खाल्लेली सापडते.

प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल पोचतच नाही. मग टाकीतला छोटा फिल्टर, नळीला चीर, बोटाने दाबायचा तो रबरी फुगा, या क्रमाने बघत जा. कटरच्या कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी पडदा असतो, तो कडक झाला की पेट्रोल ओढत नाही, आणि तो पडदा सुटा मिळतो, त्यासाठी अख्खा कार्बोरेटर बदलायची गरज बहुतेक वेळा नसते! मेस्ताला तसं विचारा तरी. आणि जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) साफ करायला तार घालू नका, घालू देऊही नका, भोक मोठं झालं की इंजिन सरळ चालत नाही.

चालू होतं आणि दहा मिनिटांनी मरतं, थोड्या वेळाने परत घेतं, अशी तक्रार असेल तर टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलेलं असतं, आत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली येत नाही. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं तर मी कितीदा काढलंय. चालू होतं पण ताकद नाही, तिथेही सायलेन्सरच बघायचा, बाहेर पडायच्या जाळीवर काजळी बसून ती बुजते, आणि काजळी कशाने, तर जास्त ऑइलने. "थोडं जास्त घातलेलं बरं" हे आपल्याकडचं तत्त्व. मशीनच्या पुस्तकात १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिली आणि १:२५ असेल तर ४० मिली, बाटलीच्या टोपणाने अंदाज नाही, औषधाचं माप आणून ठेवा. आणि टू-स्ट्रोकचंच ऑइल, स्कूटरच्या इंजिनातलं उरलेलं नाही.

चार-स्ट्रोकवाल्यांसाठी एकच, काही इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. डोंगराच्या उतारावर मशीन तिरकं ठेवलं की त्याला वाटतं ऑइल संपलं आणि तो बंद करतो. सपाटीवर आणलं की चालू. यावर लोकांनी पैसे घालवलेले मला माहीत आहेत.

दोरी ओढताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर मात्र कॉम्प्रेशन (आतला हवेचा दाब) गेलंय, रिंग, पिस्टन किंवा गास्केट, ते घरी करायचं काम नाही, चांगल्या माणसाकडे द्या. दोरी हलतच नसेल तर आधी प्लग काढून ओढा, आत पेट्रोल साचलेलं असलं तर सुटते. आणि पात्याला हात लावायच्या आधी प्लगची टोपी काढायची, हे सांगायला नको खरंतर पण सांगतो.

किनाऱ्यावरच्या भावांबद्दल मला फार कळत नाही, पण होडीच्या मोटरीचं इतकं नक्की की मागून उडणारी पाण्याची धार थांबली तर ताबडतोब बंद करायची, आतला रबरी पंखा गेलेला असतो, आणि खाऱ्या पाण्यातून आणल्यावर गोड्या पाण्यावर चालवून घ्यायची.

एक सूचना पण करतो. सबसिडीवर मशीनं घरोघरी आलीत, पण ती चालवायला आणि सांभाळायला शिकवणारं कुणी दिसत नाही. फर्मागुडीच्या आयटीआयसारख्या ठिकाणची मुलं मे महिन्यात एकेका पंचायतीत एक दिवस बसली, लोकांनी मशीनं आणली, तर मुलांचाही हात बसेल आणि लोकांचे पैसेही वाचतील. वाहनांचं शिकणाऱ्यांना छोटी इंजिनं हलकी वाटतात, पण गावात धंदा यातच आहे, मेस्त शोधायला आम्हाला फोंड्याला जावं लागतं.

आता माझा प्रश्न, आणि मी तो नीट विचारतोय. वडिलांच्या वेळचा पंप आहे, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर टाकायचा जुना चार-स्ट्रोक. पेट्रोलवर एकदम छान चालतो. चांगला गरम करून रॉकेलवर टाकला की अर्ध्या तासाने ताकद उतरते आणि पांढरा धूर येतो. प्लग काढला तर काळा आणि कोरडा. खालच्या ऑइलची पातळी चालवल्यावर वाढते आणि ऑइलला रॉकेलचा वास येतो. हेडची काजळी काढली, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे) साफ करून अंतर लावलं, फरक नाही. मला पिस्टनच्या रिंगांवर संशय आहे, शेजारचे काका म्हणतात फ्लोटची सुई गळते. सुई गळत असेल तर बंद ठेवल्यावरही पातळी वाढायला हवी ना, ती वाढत नाही. ज्यांनी असे पंप खोललेत त्यांनी जरूर लिहावं, आणि या पंपाच्या रिंगा गोव्यात किंवा बेळगावात अजून कुठे मिळतात तेही कळवावं.

आपला,
एक कुळागरकार,
सावईवेरे, फोंडा