विषय : सायकलच्या विम्यासाठी आरसी बुक मागितल्याबद्दल, आणि त्याआधीच्या सगळ्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विभागीय कार्यालय, पुणे

तुमच्या ग्राहक सेवा केंद्रातल्या 'सीनियर' साहेबांनी आत्ताच फोन ठेवला. आपटला नाही, 'आणखी काही मदत करू शकतो का' असं विचारून ठेवला. पहिली मदत अजून व्हायची आहे, म्हणून आता लेखी.

पॉलिसीची प्रत जोडली आहे. तुमचा साधा प्लॅन काय आणि प्लस प्लॅन काय, हे तुम्ही छापलंय, तेव्हा तुम्हाला माहीत असणार. तुमच्या वतीने फोन उचलणाऱ्या एकालाही ते माहीत नाही. घेतलेला साधा प्लॅन ठेवायचा की प्लस घ्यायचा, हे मला ठरवायचं आहे. इतकंच काम आहे. आणि ते होत नाही.

सायकल 78,500 रुपयांची आहे. दिवे, मीटर, सॅडल बॅग आणि डी-लॉक (डी आकाराचं जाड पोलादी कुलूप) धरून वर आणखी नऊ हजार. विकताना तुमच्या प्रतिनिधीने दोन प्रश्न विचारले, किंमत आणि कार्डाचा नंबर. मी एकच विचारला : सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोखंडी रेलिंगला डी-लॉक लावून असते, तिथून चोरीला गेली तर पैसे मिळतील का? उत्तर होतं, "हो मॅडम, सगळं कव्हर आहे, टेन्शन घेऊ नका." हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत असल्याचं तुम्हीच सुरुवातीला ऐकवलं होतं. तो रेकॉर्ड काढा आणि ऐका. गुणवत्ता कळेल.

हप्ता 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी 378, एकूण 2,478 रुपये. पैसे कापले गेल्यानंतर पॉलिसी आली. तिच्यात चोरीच्या कलमाखाली अट अशी की सायकल 'कुलूपबंद जागेत' हवी आणि त्या जागेत 'बळाचा वापर करून प्रवेश' झालेला हवा. आमचं पार्किंग स्टिल्टचं आहे, म्हणजे इमारतीखाली नुसते खांब, चारही बाजूंनी उघडं. तिथे प्रवेश करायला बळ कशाला लागेल? मांजरंसुद्धा येतात. चोर ग्राइंडर आणेल, डी-लॉक कापेल, सायकल घेऊन जाईल. बळ वापरलं जाईल, पण कुलपावर, जागेवर नाही. मग ही चोरी तुमच्या लेखी चोरी आहे की नाही? साध्या प्लॅनमध्ये नसेल तर प्लसमध्ये आहे का? असेल तर मी प्लस घेते, जास्तीचे पैसे भरते. हो किंवा नाही एवढंच सांगायचं होतं.

आता आजचं संभाषण सांगते. ते जसंच्या तसं लिहायची गरज आहे, कारण तुमच्याकडच्या नोंदीत बहुधा 'ग्राहकाचे समाधान झाले' असं असेल.

आधी बराच वेळ संगीत. मग एक मुलगी आली, तिने मोबाइल नंबर, जन्मतारीख, पॉलिसी नंबर घेतला आणि विचारलं, "मॅडम, गाडीचा नंबर?" म्हटलं, सायकल आहे. "हो मॅडम, पण नंबर?" म्हटलं, सायकलला नंबर नसतो. ती थांबली. मग सीनियरकडे देते म्हणाली. पुन्हा संगीत. त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यासमोर जो फॉर्म उघडतो त्यात नंबराशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर तो फॉर्म तिने केलेला नाही, तुम्ही केलाय.

सीनियर साहेबांना मी प्रश्न पहिल्यापासून सांगितला. रेलिंग, डी-लॉक, उघडं पार्किंग. ते म्हणाले, "मॅडम, इतकी महागडी सायकल तुम्ही घरात का नाही ठेवत?" मी म्हटलं, घरातच ठेवायची असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता? त्यावर ते, "नाही, आपलं सेफ्टीसाठी सांगतो." मी म्हटलं, सल्ला नको, उत्तर हवंय, चोरी धरणार की नाही? तर ते म्हणाले, आणि हे शब्द मी फोन चालू असतानाच लिहून घेतले आहेत : "ते आत्ता कसं सांगणार मॅडम? क्लेम आला की क्लेम टीम ठरवते. आधी सायकल चोरीला तर जाऊ दे."

आधी सायकल चोरीला तर जाऊ दे.

मी म्हटलं, पुन्हा बोला. त्यांनी पुन्हा बोललं. सहज बोलले, जणू बस येऊ दे मग तिकीट काढू. मी विचारलं, म्हणजे मी काय विकत घेतलंय हे मला सायकल गेल्यावर कळणार? ते म्हणाले, "तसं नाही मॅडम, पॉलिसी सब्जेक्ट मॅटर ऑफ सॉलिसिटेशन आहे." हे वाक्य जाहिरातीच्या शेवटी घाईघाईने म्हणतात ते आहे, तेही उलटंसुलटं. माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. ती चूक झाली असं मुळीच वाटत नाही. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

मग त्यांना एक युक्ती सुचली. "मॅडम, तुमचा घराचा विमा असेल ना, त्यात ही चोरी येते." आहे माझा घराचा विमा, भारत गृह रक्षा. तो सगळ्याच कंपन्या 1 एप्रिल 2021 पासून एकसारख्या मजकुराने विकतात, तुम्हीही विकता. त्यात घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत संरक्षण आहे, हे खरं. पण चोरी? आग, पूर, भूकंप अशी विम्यातली एखादी आपत्ती घडली, आणि तिच्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. म्हणजे आमच्या इमारतीला आधी आग लागली पाहिजे आणि चोराने आठवड्याच्या आत यायचं ध्यानात ठेवलं पाहिजे. हे मी साहेबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ओके मॅडम."

बाकीच्या प्रश्नांची कथा लवकर आवरते. पुढचं चाक क्विक रिलीजचं आहे, खटका फिरवला की हाताने निघतं; तेवढंच कुणी काढून नेलं तर मिळेल का? माहीत नाही. मी ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. 200 किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पूर्ण करायचे असतात, पण नंबर लागत नाहीत, बक्षीस नसतं. तुमच्या अपवादांत 'स्पर्धा किंवा वेगाची चाचणी' आहे. ब्रेव्हे त्यात मोडते का? "मॅडम, ते काय असतं?" पुढे. माझ्या सायकलीने रस्त्यावर कुणाला लागलं तर? सायकल मोटार वाहन कायद्यात येत नाही, त्यामुळे तिला थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. म्हणूनच मी तो स्वतःहून मागतेय. सक्ती नसताना मागणारं गिऱ्हाईक तुम्हाला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं, कारण उत्तर आलं, "ते तर कंपल्सरी असतं मॅडम, घेतलेलंच असेल."

विमा रकमेचं तर विचारूच नका. पुढच्या वर्षी सायकलची किंमत किती धरणार म्हटलं, तर साहेबांनी घसाऱ्याचा तक्ता वाचून दाखवला : सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20. हा मोटारगाड्यांचा तक्ता आहे. मी सांगितलं. "सेमच असतं मॅडम." लेखी द्या म्हटलं, तर ते आपल्या हातात नाही. याआधीच्या एका प्रतिनिधीने वर सुचवलं होतं की हप्ता जड जात असेल तर रक्कम 50 हजारच लावा. लावते की. मग 20 हजारांचं नुकसान झालं की तुमचं सरासरीचं कलम (जितकी कमी किंमत उतरवली, त्या प्रमाणात भरपाई कमी) पुढे येणार, आणि 78,500 ची वस्तू 50 हजारांना उतरवली म्हणून हातात 12,700 च्या आसपास टेकवणार, त्यातूनही ठरलेली वजावट कापून. हप्त्यात वाचणारे काहीशे रुपये सांगायला तुमच्याकडे माणूस आहे, आणि हे सांगायला नाही.

आता आरसी बुक. प्रस्ताव अर्जात इंजिन क्रमांक भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. 'लागू नाही' लिहिलं, घेतलं नाही. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, "फ्रेम नंबर टाका, चालतं." दोन्ही पेडलांच्या मधे, फ्रेमच्या खालच्या बाजूला, बॉटम ब्रॅकेटवर कोरलेला नंबर टाकला. परिणामी पॉलिसीवर माझ्या सायकलला इंजिन आहे. उद्या क्लेम आला तर 'चुकीची माहिती दिली' म्हणून तोच तुमच्या क्लेम टीमच्या कामी येईल, म्हणून दुरुस्ती मागितली. मेल आला : दुरुस्तीसाठी आरसी बुकची दोन्ही बाजूंची प्रत जोडा. कळवलं, नोंदणी नसते. मेल आला : तसं असल्यास आरटीओचं पत्र जोडा. आरटीओत जाऊन मी काय सांगू? सायकल घेतलीय, नोंदणी नाही असं लिहून द्या? तिथल्या खिडकीत उभं राहून हे बोलण्याइतकं धाडस माझ्यात नाही. तुमच्यापैकी कुणात असेल तर जरूर जावं.

बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरातल्या प्रत्येक वाहनाचा विमा तुमच्याकडे आहे. दुसरीकडे स्वस्त मिळत असतानाही आम्ही हललो नाही, कारण 'ती कंपनी शब्दाला जागते' असं बाबा म्हणायचे. आता शब्द काय, ते क्लेम टीम नंतर ठरवते म्हणे.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. उघड्या पार्किंगमध्ये डी-लॉक कापून झालेली चोरी दोन्हींपैकी कोणत्या प्लॅनमध्ये धरली जाते, ते तुमच्या लेटरहेडवर, सहीनिशी. चाक, ब्रेव्हे आणि थर्ड पार्टीबद्दलही तसंच. पॉलिसीवरचं इंजिन काढून टाका. हे जमत नसेल तर पॉलिसी रद्द करा आणि पूर्ण 2,478 रुपये परत करा. 'उरलेल्या मुदतीचे तेवढे देऊ' असं सांगू नका. ते तर मी कारण न देता रद्द केली तरी विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे द्यावंच लागतं. इथे कारण आहे, विकताना एक सांगितलं आणि कागदावर दुसरं दिलं.

तक्रारीला उत्तर द्यायला तुम्हाला 14 दिवस आहेत. ते उलटले की नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार जाईल, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे. तिथे फी लागत नाही, वकील चालत नाही, आणि कार्यालय नारायण पेठेत आहे. कोथरूडहून मला सायकलने वीस मिनिटं लागतात. तुमच्या अधिकाऱ्यांना यायला पार्किंग मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तिथे सायकल लावताना ती चोरीला गेली तर धरणार का, तेही कळवा.

तुमची पॉलिसीधारक,
कोथरूड, पुणे

सोबत : पॉलिसीची प्रत, सायकलचे बिल, फ्रेम क्रमांकाचा फोटो, आरसी बुक मागणारे दोन्ही मेल.

ता. क. हे पत्र लिहून होईपर्यंत तुमच्या कंपनीतून एक फोन आला. माझ्या 'टू-व्हीलर'ची पीयूसी संपत आली आहे का, असं विचारत होते.