बोलिंग बॉलचे आकडे एका जागी मांडणाऱ्या अनामिकास

स.न.वि.वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. नवा बॉल बाजारात आला की थोड्याच दिवसांत त्याची ओळ तुमच्या तक्त्यात दिसते, यावरून एवढंच कळतं की कोणीतरी चिकाटीने हे काम करतंय. आभार मानायला पत्ता नाही, म्हणून पत्र उघडंच लिहिते आहे.

मला दुसरा बॉल घ्यायचा होता. हातात स्टॉर्म कंपनीचा फेझ टू, १५ पौंडी. लेनवर, म्हणजे बॉल टाकायच्या पट्टीवर, तेल लावलेलं असतं; ते ताजं असेपर्यंत त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन-तीन गेम झाले, पुढच्या भागातलं तेल पातळ झालं, की तो लवकर वळायला लागतो आणि पॉकेट (पिनांमधली नेमकी मोक्याची जागा) सोडून पलीकडे जातो. तेव्हा काढायला जरा शांत बॉल हवा होता. आता शांत म्हणजे किती शांत, इथेच घोडं पेंड खातं. कंपन्यांची वर्णनं वाचावीत तर प्रत्येक बॉल दमदार, प्रत्येक बॉल भरवशाचा, आणि प्रत्येकाचं शेवटचं वळण जबरदस्त! हूक, म्हणजे बॉलचं वळण, किती ते सांगणारी पट्टीही ज्याची त्याची वेगळी. एकीवरचे शंभर आणि दुसरीवरचे दहा यांचा मेळ कसा घालायचा? मग उरतं अंदाजपंचे दाहोदरसे.

तुमच्या तक्त्यात विशेषणाला जागाच नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आरजी, डिफरेन्शियल, कोअर (आतला गाभा) सिमेट्रिक की असिमेट्रिक, कव्हरस्टॉक (बाहेरचं आवरण), कारखान्यातून निघतानाचं फिनिश (आवरण किती घासलंय ते). बॉल कोणत्याही कंपनीचा असो, रकाने तेच. आरजी म्हणजे बॉलचं वजन केंद्रापासून किती लांब पसरलंय त्याचं इंचातलं माप. अमेरिकेतल्या बोलिंगची नियामक संस्था यूएसबीसी हिच्या नियमाने ते २.४६० ते २.८०० च्या दरम्यानच असावं लागतं. आकडा लहान असेल तर बॉल लवकर फिरायला लागतो, मोठा असेल तर दम धरतो. डिफरेन्शियल म्हणजे त्याच बॉलच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आरजीतला फरक, आणि त्याची कमाल मर्यादा ०.०६०. नवख्याला हे दशांश बघून घाम फुटतो, पण दोन बॉल शेजारी ठेवले की तेच आकडे बोलायला लागतात.

माझंच उदाहरण घ्या. फेझ टूच्या शेजारी मी मोटिव्ह कंपनीचा व्हेनम शॉक ठेवला. दोन्हींचं कव्हर सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचं, दोन्हींचा कोअर सिमेट्रिक, दोन्हींचा आरजी २.४८. इथपर्यंत जुळे भाऊच. पुढच्या रकान्यात मात्र एकाचं डिफरेन्शियल ०.०५१ आणि दुसऱ्याचं ०.०३४. फिनिश एकाचं ३००० ग्रिट, दुसऱ्याचं ४००० (आकडा मोठा तितकं कव्हर गुळगुळीत). म्हणजे दोघे फिरायला साधारण एकाच सुमाराला लागणार, पण दुसरा तेलातून जरा जास्त घसरत जाणार आणि वळताना तितका उसळणार नाही. मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि ते कळायला मला कोणाचंही वर्णन वाचावं लागलं नाही.

फिनिशचा रकाना कव्हरस्टॉकला लागून ठेवलात, त्याबद्दल वेगळे आभार. बहुतेकांचे डोळे कोअरच्या चित्रावर खिळतात. ती चित्रं असतातही देखणी. पण लेनला टेकतं ते कव्हर. तेच कव्हर ५०० ग्रिटवर घासलं तर तेलातही पकड घेतं आणि पॉलिश केलं तर लांबवर सरळ जातं, कोअर बापडा आत होता तसाच. मी तर आता आधी कव्हर, मग फिनिश, मग आरजी याच क्रमाने चाळते. छापलेलं ग्रिट नव्या बॉलचं असतं आणि खेळता खेळता ते बदलत जातं, हे ज्याचं त्याने ध्यानात ठेवावं. माझा वेग, माझे रेव्ह्ज (बॉलला मी देते ते फेरे) आणि ड्रिलिंगची (बोटांची भोकं पाडण्याची) आखणी तुमच्या तक्त्याला कळणार नाही. त्यासाठी ड्रिलर आहेच.

आणखी एक गोष्ट, जी कदाचित कोणी तुम्हाला सांगितली नसेल. तुम्ही प्रत्येक वजनाचे आकडे वेगळे देता. जाहिरातीत बहुधा १५ पौंडाचेच आकडे असतात. हलक्या वजनात, विशेषतः १२-१३ पौंडाला, नाव आणि रंग तेच ठेवून आत अनेकदा वेगळाच कोअर बसवलेला असतो. माझ्याबरोबर खेळणारी एक मैत्रीण १२ पौंडी टाकते. माझ्या बॉलचं नाव ऐकून ती तोच घेणार होती. तुमच्या तक्त्यात तिने आपल्या वजनाची ओळ पाहिली आणि सरळ दुसरा बॉल निवडला. आणि जिथे आकडा मिळाला नाही, तिथे तुम्ही रकाना कोरा सोडलाय. अंदाजाने भरून टाकणं किती सोपं होतं! त्या कोऱ्या रकान्यांमुळेच भरलेल्या रकान्यांवर माझा विश्वास बसला.

बंद झालेले बॉलही तुम्ही काढून टाकत नाही, हे जुना बॉल घेणाऱ्यांच्या फार कामाचं आहे. फक्त त्यांनी बोटांच्या भोकांखेरीज चौथं भोक, म्हणजे वजन साधायला पाडलेलं बॅलन्स होल, आहे का ते बघून घ्यावं. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या स्पर्धांत बॅलन्स होल चालत नाही, ते बुजवावं लागतं.

व्हेनम शॉक घेतला, हे सांगायचं राहिलंच. तेल पातळ झालं की तो काढते. रॅकवर परत आला की पुसण्याआधी त्याच्यावरच्या तेलाच्या रेघा बघायची सवय लागली आहे. फेझ टूवर त्या सुट्या सुट्या, पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. याच्यावर त्या बऱ्याच जवळजवळ येतात. ०.०५१ आणि ०.०३४ मधला फरक असा डोळ्यांनी दिसतो.

एक विनंती आहे, जमलं तर बघा. दोन बॉलची तुलना उघडली की निवडलेलं वजन पुसलं जाऊन पुन्हा १५ पौंड येतं. मला चालतं, पण १२ पौंडवालीला दर वेळी ते बदलावं लागतं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक १५ पौंडी खेळाडू