‘आजचे कार्यक्रम’मध्ये बँडनाही दोन ओळी द्या

संपादक महोदय,

आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ सदरात व्याख्याने, कीर्तने, नाट्यप्रयोग, शास्त्रीय मैफली, पुस्तक प्रकाशने यांना रोज जागा मिळते. स्वतःची गाणी स्वतः रचून वाजवणारे मुंबईतले बँड, मराठी-हिंदी रॅपर आणि इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणारी मंडळी मात्र त्यात कधी दिसत नाहीत. त्यांच्या कार्यक्रमांची खबर इन्स्टाग्रामवरच्या पोस्टरमधून फिरते आणि ज्याला ती आधीच ठाऊक असते त्यालाच पुन्हा पुन्हा दिसते. शनिवारी संध्याकाळी लोअर परळला किंवा खारला काय ऐकायला मिळेल, हे डोंबिवलीच्या वाचकाला कळायला मार्ग नाही. सदरातल्या दोन ओळींनी हे काम होईल. मात्र त्या दोन ओळींत काय छापायचे हे नीट ठरायला हवे.

नुसते ‘रात्री ८ पासून’ छापू नका. पोस्टरवरची वेळ बहुधा दार उघडण्याची असते, पहिला सूर लागण्याची नव्हे. नाटकाला तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो; इथे तशी घंटाच नाही. उशीर का होतो, तेही सांगण्यासारखे आहे. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, उलट्या क्रमाने होतो: शेवटी वाजवणारा मुख्य बँड आधी, पहिला वाजवणारा सगळ्यांत शेवटी, म्हणजे त्याची मांडणी स्टेजवर तशीच राहते. साउंडचा टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकला की कात्री लागते ती या पहिल्या बँडच्या वेळेला. त्यांना फक्त तारा जोडून ‘हॅलो, चेक’ म्हणण्यापुरती सवड मिळते आणि खरे मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल साधणे, पहिल्या दोन गाण्यांत, लोकांसमोर होते. म्हणून पहिल्या बँडला पहिल्या दोन गाण्यांवरून जोखू नये आणि तिसऱ्या गाण्याआधी बाहेर पडू नये.

हिशेब साधा आहे. तीन बँड, प्रत्येकी ४० मिनिटे, मध्ये दोन वेळा स्टेजवरच्या सामानाची २५ मिनिटांची बदलाबदल: एकूण १७० मिनिटे. साडेसातला सुरुवात झाली तर १० वाजून २० मिनिटांनी सगळे मोकळे. नऊला झाली तर बारा वाजायला दहा कमी, आणि मुख्य बँड स्टेजवर असताना कल्याण-कसारा-विरारचे श्रोते घड्याळ बघत काढता पाय घेतात. मग आयोजक म्हणतात, उपनगरांतून लोक येत नाहीत! बदलाबदल १५ मिनिटांवर आणता येते. ड्रमचा सांगाडा आणि गिटारचे अॅम्प (आवाज मोठा करणारे स्पीकरचे खोके) सगळ्यांनी एकच वापरायचे. ड्रमरने स्वतःचा स्नेअर (पुढ्यातला छोटा ड्रम), झांजा आणि किक पेडल तेवढे आणायचे. याला कमीपणा मानणारे बँड अजून आहेत. त्यांनी तो सोडावा.

रात्री दहाचा नियमही वाचकांना नीट माहीत नसतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला मनाई आहे, पण आवाज आतल्या आत राहणाऱ्या बंदिस्त सभागृहांना ती लागू नाही. उघड्यावर रात्री बारापर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकते, आणि ते दिवस गणपती, नवरात्र यांतच बहुतेक संपतात. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर केलेले असू शकते. धोबी तलावचे रंगभवन त्यातच गेले. एका बाजूला झेवियर्स कॉलेज, जवळच कामा रुग्णालय. इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव जिथे वर्षानुवर्षे भरत असे ते खुले नाट्यगृह अशा संगीताला बंद झाले. रुग्णालयाशेजारी शांतता हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तोडीची स्वस्त, मध्यवर्ती जागा शहराने पुन्हा उभी केली नाही, ही तक्रार जरूर आहे. लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा संगीत क्लब २००७ ला आला आणि २०१६ ला मिटला. खासगी जागांना भाडे भरावे लागते, आणि ते निघते बारच्या गल्ल्यातून.

बारमुळे वयाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, त्यामुळे अनेक जागा २१ च्या आतल्यांना दारातच थांबवतात. म्हणजे ज्या वयात माणूस बँड काढतो त्याच वयात त्याला बँड ऐकायला बंदी. वयाची अट छापली तर कॉलेजची मुले पनवेलहून येऊन दारातून परत जाणार नाहीत. दुपारी चारला, बार बंद ठेवून केलेले कार्यक्रम हा यावरचा चांगला उपाय आहे. ते जिथे होतात तिथे ‘सर्व वयोगटांसाठी’ असे ठळक छापावे.

तिकीट बऱ्याचदा ४९९ रुपये का, असे वाचक विचारतील. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशाला जीएसटी माफ आहे, त्यापुढे तो लागतो. वरची सुविधा फी बुकिंग अॅपची असते, बँडची नव्हे. ‘गेस्ट लिस्टमध्ये नाव घाल ना’ असा फोन मित्राला करण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की छोट्या जागेत बँडचा वाटा पुष्कळदा दारावरच्या विक्रीतूनच निघतो. ओळखीची वीस माणसे फुकट आत गेली की ड्रमरचे टॅक्सीभाडे गेले.

आता ऐकण्याबद्दल. छोट्या सभागृहात स्टेजला चिकटून उभे राहिलात तर ड्रम आणि गिटार अॅम्प थेट अंगावर येतात, पण गायकाचा आवाज बाजूच्या स्पीकरमधून तुमच्या डोक्यावरून निघून जातो. ‘शब्दच कळले नाहीत’ ही तक्रार बहुतेकदा तिथली असते. मागच्या भिंतीला टेकलात तर खर्ज साचून घुमतो. उत्तम जागा साउंड इंजिनिअरच्या टेबलाच्या पुढे दोन-तीन पावलांवर. तो जे ऐकून मिक्स करतो तेच तुम्हाला मिळते. कानांचीही काळजी घ्या. ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे चालतात, पण ते पिळून बारीक करून, कान वर-मागे ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग शून्य. फोम वरचे सूर जास्त खातो. नेहमी जाणाऱ्यांनी संगीतकारांसाठीचे, सगळे सूर सारखे कमी करणारे बोळे घ्यावेत.

रॅपच्या कार्यक्रमात शिट्टी का वाजते, हेही सांगतो. कुर्ला, अंधेरी, धारावीतून उभा राहिलेला आणि ‘स्वदेसी’सारख्या चमूने मराठीतही आणलेला हा प्रकार शब्दांवर जगतो, आणि शब्दच हरवतात. माइक जाळीपाशी मुठीत धरायची लकब दिसायला झोकदार, पण त्यामुळे माइकच्या मागच्या बाजूच्या फटी झाकल्या जातात, तो चहूकडचा आवाज उचलू लागतो, समोरच्या मॉनिटरचाही, म्हणजे गायकाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचाही. मग किंचाळी येते, आणि इंजिनिअरने ती दाबली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दांडी मध्यावर धरली तर दोन्ही टळते. शिव्या मात्र खातो तो इंजिनिअर.

लोकवाद्ये घेणाऱ्या बँडची अडचण वेगळी. संबळ, दिमडी, हलगी यांचे कातडे जुलै-ऑगस्टच्या दमटपणात उतरते. अंगणात हलगी शेकता येते. धूरशोधक लावलेल्या एसी हॉलमध्ये जाळ कुठे करणार? हेअर ड्रायर घेऊन विंगेत उभा असलेला वादक दिसला तर हसू नका. एसीत वाद्ये तासभर आधी नेऊन ठेवणे हाच खरा इलाज, पण तेवढा आधी प्रवेश जागावाल्यांनी द्यायला हवा.

पैसे कुठे खर्चावेत? स्पॉटिफायवर वर्षाला १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला २०२४ पासून मानधन मिळत नाही. बॅण्डकॅम्प ही कलाकारांचे अल्बम विकणारी वेबसाइट डिजिटल विक्रीवर १५ टक्केच घेते, पण तिथल्या देवघेवीत वापरल्या जाणाऱ्या पेपाल या ऑनलाइन सेवेने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार थांबवले, तेव्हापासून दादरच्या श्रोत्याला दादरच्याच बँडचा अल्बम तिथे विकत घेताना अडचण येते. त्यापेक्षा कार्यक्रमानंतर टेबलावर यूपीआयने घेतलेल्या टी-शर्टचे पैसे थेट बँडला पोचतात. आणि कृपा करून ‘एखादे हिंदी सिनेमातले होऊन जाऊ दे’ असे ओरडू नका.

तेव्हा सदरातली नोंद साधारण अशी असावी: ‘मराठी रॅप व दोन बँड. लोअर परळ, स्थानकापासून चालत १० मिनिटे. दार ७, पहिला बँड ७.३०, समाप्ती १०.२०. तिकीट ४९९, दारावरही मिळेल. वय २१ पूर्ण, ओळखपत्र आवश्यक. उभे राहून ऐकावे लागेल.’ समाप्तीची वेळ न कळवणाऱ्या आयोजकाची नोंद खुशाल गाळावी. शनिवार-रविवारची माहिती आयोजकांनी बुधवारपर्यंत पाठवावी, असा नियमही आपण घालू शकता. पावसाळ्यात एवढ्यातेवढ्याने कार्यक्रम रद्द होतात, तेव्हा चौकशीचा फोन क्रमांक नोंदीत हवाच.

– एक ध्वनितंत्रज्ञ, ठाणे