दोन डागांविषयी

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझ्या प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी "हाडात पोचलंय, म्हणजे आता संपलंच" असे तू म्हणालास, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही; जे तेव्हा बोलायला हवे होते ते आज लिहीत आहे. या कर्करोगाच्या पेशी शरीरात कुठे आहेत ते दाखवणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनचा तू पाठवलेला अहवाल मी दोनदा वाचला. खुब्याच्या हाडात एक आणि ओटीपोटातील एका लसिकाग्रंथीत एक, असे दोनच डाग त्यात आहेत. असा मोजता येण्याजोगा प्रसार ही कर्करोगाची वेगळी अवस्था आहे, हा विचार हेलमन आणि वाइक्सेलबॉम या डॉक्टरांनी १९९५ मध्ये मांडला, आणि नेमक्या डागावर किरणोपचार करण्याची पद्धत त्याच विचारावर उभी आहे.

बेल्जियममधील 'स्टॉम्प' चाचणीत तुझ्यासारखेच, मूळ उपचारानंतर आजार परतलेले आणि जास्तीत जास्त तीन डाग असलेले ६२ पुरुष होते. ज्यांच्यावर नुसते लक्ष ठेवले त्यांतील निम्म्यांना हार्मोन दाबणारी इंजेक्शने सुरू करण्याची वेळ १३ महिन्यांत आली, तर ज्यांच्या डागांवर उपचार झाले त्यांतील निम्म्यांना २१ महिन्यांत. अमेरिकेतील 'ओरिओल' चाचणीत सहा महिन्यांत आजार वाढलेल्यांचे प्रमाण नुसते लक्ष ठेवलेल्यांत ६१ टक्के, तर डागांवर किरण दिलेल्यांत १९ टक्के आढळले. यातून आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण घामाच्या लाटा, गळून जाणे आणि हाडे ठिसूळ होणे हे सारे त्या इंजेक्शनांमागून येते, आणि ते काही महिने जरी लांबले तरी तुझ्यासारख्या रोज पहाटे चालायला जाणाऱ्या माणसाला ते थोडे नाही.

माझ्या बरगडीतील डागावर गेल्या वर्षी पाच वेळा किरण दिले. अंगाच्या मापाची गादी तयार करून घेतली, स्कॅन करून जागा जुळवली, आणि मग मी निश्चल पडून राहिलो. दुखले काहीच नाही, थकवा मात्र आठवडाभर टिकला. तुझ्या बाबतीत ग्रंथीजवळ आतडे आहे, म्हणून मात्रा किती द्यायची आणि इंजेक्शनही सोबत हवे का, हे किरणोपचाराच्या डॉक्टरांनाच ठरवू दे. तुझ्या बेलापूरहून खारघर जवळ आहे आणि टाटा मेमोरियल सेंटरचे कर्करोग उपचार-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक तिथेच आहे. इंजेक्शन घेण्याआधी तिथे एकदा दुसरे मत घे, एवढा माझा आग्रह आहे.

शस्त्रक्रियेचे कागद, पीएसए या रक्ततपासणीचे सगळे जुने आकडे आणि स्कॅनची सीडी एका पिशवीत काढून ठेव. गुरुवारी सकाळी आठला मी तुझ्या दारात असेन. वहिनींनाही बरोबर घेऊ.

तुझा,
बाळ्या