म्हशीचं कोण बघंल?

श्रावण, पहिला सोमवार

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. 'पुन्हा एखादी साथ आली तर लोक ऐकतील का गं?' असं विचारलंस. फोनवर हे अर्ध्यातच राहिलं असतं, म्हणून धारा आटोपून लिहायला बसलेय.

लोकांना काही कळत नाही, असं तुमच्या वॉर्डातले डॉक्टर म्हणतात. मला ते पटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा सर्व्हे करत मी आशाताई म्हणून दारोदार फिरत होते, तेव्हा हात कसे धुवायचे ते पोराटोरांनाही पाठ होतं. तरी "घरात कुणाला ताप?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुणाला न्हाई बाई."

वरच्या आळीतल्या एका काकूंनी तर माझ्यासमोर तोंडात पदर कोंबून खोकला दाबला. मी उंबऱ्याशी थांबले, त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन फक्त ८८! दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाल्या, "मला नेलंस तर म्हशीचं कोण बघंल? आन् दारावर कागद चिकटवला तर आमचं दूध कोण घेईल?" याला अडाणीपणा म्हणायचं का, सांग. त्यांचा हिशोब बरोबरच होता. "म्हैस मी बघते," म्हटलं, तेव्हा उठल्या. अकरा दिवस दोन्ही वेळची वैरण, पाणी, शेण मी केलं. काकू चालत घरी आल्या.

शाळेत आपण रँड आणि चापेकर बंधू पाठ केले होते, २२ जून १८९७ ही तारीख मार्कांसाठी. तेव्हा नुसतं घोकलं, अर्थ आत्ता कळतो. प्लेगचा रोगी शोधायला गोरे सोजीर घरात घुसायचे, म्हणून लोक आजारी माणूस लपवून ठेवायचे. त्याच साली, त्याच पुण्यात सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात गेल्या. त्यातच प्लेग होऊन १० मार्चला त्या वारल्या. दारात न्यायला कोण आलंय, हे बघूनच माणूस दार उघडतो गं. आणि २०२० मध्ये आपल्याकडे लागू झाला तो साथरोग कायदाही त्या १८९७ चाच!

लसीचंही तेच झालं. 'काही होत नाही, घ्या बिनधास्त' असं आधी सगळीकडे सांगितलं गेलं. मग पहिल्यांदा घेतलेल्यांना ताप भरला आणि अख्खी आळी मागे फिरली. त्यात मोबाइलवर ते 'लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो' फिरत होतं. कोविशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस, आणि फोडली की चार तासांत संपवायची. एकदा उपकेंद्रात नऊजण बसलेले. सिस्टर म्हणाल्या, दहावा आण, मग फोडू. मी तालमीजवळच्या तात्यांकडे गेले, सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच. त्यांनी एकच विचारलं, "तू घेतलीस? तरास झाला का?" मी म्हटलं, "झाला. दोन दिवस अंग मोडून निघालं, ताप आला. मग उतरला." तात्यांनी खुंटीवरचा सदरा काढला.

तेवढं खरं बोलायला फार काही लागत नाही, पण बोलणारी बाई गावात रोज दिसावी लागते. आणि आम्हा आशांना त्या साथीत कोविडच्या कामाचे महिन्याला हजार रुपये जास्तीचे होते, म्हणजे दिवसाला तेहतीस. त्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

आता मुद्द्याचं. तुझी आई गेले तीन आठवडे खोकतेय. मी काल सहज गेले तेव्हा कळलं. "नंदीला सांगू नको, सुट्टी काढून पळत येईल, पगार कापतील," म्हणाली. मी तसा शब्द दिला नाही. बेडक्याची डबी देऊन आलेय, उद्या सकाळचा पहिला बेडका घेऊन मीच केंद्रावर जाते. ताप नाही, जेवतेय नीट. तू फोन कर, पण तिला रागावू नकोस. 'का लपवलंस' तर अजिबात विचारू नकोस. आधी शेळ्यांची चौकशी कर, म्हणजे बोलेल.

तुझी,
सुनीता