वीस पानांची पुस्तिका आणि चौदा पोरं

मा. मंत्रिमहोदय,
कर्नाटक शासन

सादर नमस्कार.

आपण कोणत्या खात्याचे मंत्री ते मुद्दामच लिहिलेलं नाही. एका खिडकीवर गेलं की दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवतात आणि दुसरीवाला जेवायला गेलेला असतो. तेव्हा ज्यांच्या टेबलावर हे पत्र पडेल त्यांनी ते आपलंच समजून वाचावं, ही नम्र विनंती.

मी खानापूर तालुक्यातल्या एका पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. समाजशास्त्रही मीच शिकवतो, कारण ती जागा रिकामी आहे आणि रिकाम्या जागेला आमच्याकडे 'तात्पुरती सोय' म्हणतात. मी गेस्ट लेक्चरर आहे. गेस्ट म्हणजे पाहुणा. अकरा वर्षं झाली, पाहुण्याला अजून कुणी बसा म्हटलेलं नाही.

गेल्या सोमवारी कॉलेजच्या बोर्डावर एक कागद लागला. यंदा फर्स्ट इयरला समाजशास्त्र नाही, कारण विद्यार्थी कमी. चौदा अर्ज आले होते. त्या चौदा पोरांना सांगण्यात आलं की दुसरं काही घ्या, नाहीतर बेळगावला जा. त्यातल्या नऊ मुली. शक्ती योजनेमुळे बसचं तिकीट लागत नाही हे मान्य, त्याबद्दल आभारही. पण तिकीट माफ झालं म्हणून जांबोटीकडच्या रानातल्या वाडीवर बस येत नाही, आणि संध्याकाळी सातनंतर पोरगी घरी येणार असेल तर बाप पुस्तकंच बाजूला ठेवायला लावतो. हे मी समाजशास्त्राच्या तासाला शिकवत होतो. आता तोही तास नाही.

एवढंच असतं तरी गप्प बसलो असतो, सवय आहे. पण गेल्या डिसेंबरात, बेळगावात तुमचं अधिवेशन भरलं होतं त्याच आठवड्यात, एक मोठे साहेब आमच्या कॉलेजात येऊन गेले. नाव लिहीत नाही. शाल झाली, नारळ झाला, पेढे झाले. सेकंड इयरची एक पोरगी उठून म्हणाली, "सर, अर्थ कळतोय खरं लिवायला येईना." आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण', हे साहेबांना कळलं नाही. ते हसले, "खरं आहे, खरं आहे!" मग मी समजावून सांगितलं आणि मागणी केली: राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या दोन विषयांपुरती कन्नड, इंग्रजी आणि मराठी शब्दांची एक छोटी पुस्तिका छापून द्या. साहेब म्हणाले, "वीस पानांचं तर काम आहे. जूनच्या आत पोरांच्या हातात देतो." हिरव्या शाईच्या पेनाने डायरीत लिहून घेताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. जून गेला. पुस्तिका आली नाही, कागद आला.

बेंगळुरात बसून ही अडचण कदाचित दिसत नसेल, म्हणून सांगतो. आमची पोरं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, एसएसएलसीचा पेपर मराठीत लिहितात. मे महिन्यात निकाल लागतो आणि पीयूसीला पाय ठेवला की पुस्तकही कन्नड किंवा इंग्रजी आणि प्रश्नपत्रिकाही कन्नड किंवा इंग्रजी. मराठी उरते ती फक्त एक भाषा विषय म्हणून. म्हणजे पंधरा वर्षं ज्या भाषेत पोरगं भांडलं, हिशेब शिकलं, नागरिकशास्त्र शिकलं, ती एका उन्हाळ्यात शोभेची झाली. सायन्सवाल्यांचं काहीतरी निभतं, सूत्र कुठल्याही भाषेत सूत्रच. पण राज्यशास्त्र सगळं भाषेतच असतं हो. 'सार्वभौमत्व' हा शब्द नववी-दहावीत घोकून घोकून ज्याच्या तोंडात बसलाय त्याला अकरावीत 'परमाधिकार' भेटतो. एका पोरानं विचारलं, "सर, परमाधिकार म्हणजे प्रिन्सिपॉलचा काय?" वर्ग हसला. मलाही क्षणभर वाटलं, फार चुकीचं नाही.

गंमत अशी की भांडण वाटतं तेवढं मोठं नाहीच. 'राज्यशास्त्र' कन्नडमध्येही राज्यशास्त्रच. 'समाजशास्त्र' समाजशास्त्रच. संविधान तेच, सरकार तेच, कुटुंब तेच, जात आणि जाति यांत तर कुणी कधी गोंधळलंच नाही. मूलभूत हक्क म्हणजे 'मूलभूत हक्कु', शेवटी एक उकार वाढला. पण लोकशाहीला 'प्रजाप्रभुत्व', निवडणुकीला 'चुनावणे', कायदेमंडळाला 'शासकांग', हे कुणीतरी शेजारी शेजारी छापून दिलं पाहिजे की नको? आमचा सगळा सीमाप्रश्न वीस पानांत मावत नाही, ठाऊक आहे. हा तेवढा मावत होता.

मीच ती यादी केली. दोनशे पानी वहीत, तीन रकाने आखून. झेरॉक्स स्वतःच्या खर्चाने. ज्या पोरीबद्दल लिहिलं तिची उत्तरपत्रिका एकदा सराव परीक्षेत तपासत होतो, तर तिनं कन्नड अक्षरांनाही सवयीनं वरून रेघ ओढलेली. सगळं पान देवनागरीसारखं दोरीवर वाळत घातलेलं. उत्तर बरोबर होतं. मी पूर्ण मार्क दिले. बोर्डाचा पेपर तपासणारा देईल का, हा विचार करत रात्रभर जागलो, हे तुम्हाला सांगून काय उपयोग.

आता तुम्ही म्हणाल, कायद्यात कुठं लिहिलंय? नाही लिहिलेलं. मी राज्यशास्त्राचा माणूस आहे, खोटं सांगणार नाही. कलम 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं ते प्राथमिक टप्प्यापुरतं. पण ते कलम घटनेत कधी आलं ते बघा: 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं, म्हणजे ज्या राज्य पुनर्रचनेनं 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं, तिच्याच हातात हात घालून. जखम आणि मलम एकाच पुडीतून आले. मलम प्राथमिक शाळेपुरतं, जखम सत्तरीला आली.

माध्यम बदला असं मी म्हणतच नाही. मला कन्नड येतं. एम. ए. धारवाडला केलंय, तुमच्या कचेऱ्यांत अर्ज कन्नडमध्ये लिहितो आणि ते वाचून बाबू म्हणतो, "बरं लिहिता की." कन्नड शिकू नका असं एकाही पोराला मी आजवर सांगितलेलं नाही, उलट ज्याला येईना त्याला सुट्टीच्या दिवशी घरी बसवून शिकवलंय. माझी बायको म्हणते, तुमच्या घरी पोरांना चपला काढायला जागा उरली नाही, पगारालाही उरलेली नाही. पगार! तो एकदा गणपतीत येतो, एकदा दिवाळी होऊन गेल्यावर. मार्च संपला की आम्ही बेकार, जून-जुलैत पुन्हा 'नवीन' नेमणूक. अकरा वेळा मी याच कॉलेजात नव्याने रुजू झालोय. थोरल्या पोराच्या शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' पुढे त्यानं 'शिक्षक' लिहिलं, मग खाडाखोड करून 'खासगी' लिहिलं. मी विचारलं का रे. म्हणाला, "एप्रिलमध्ये फॉर्म भरलाय की, पप्पा."

सांगत होतो चौदा पोरांचं, आलो माझ्यावर. माफ करा. पण ही दोन्ही गाऱ्हाणी एकच आहेत. पहिल्या वर्षी भाषेच्या भीतीनं पोरं गळतात. अकरा वर्षांत माझ्या हातून सहाएकशे पोरं गेली असतील, त्यातली निदान दीडशे पहिल्याच वर्षी गळाली. रजिस्टर माझ्याकडे नाही, डोक्यातला आकडा आहे, दहा-वीस इकडेतिकडे. पोरं गळाली म्हणून संख्या घटली. संख्या घटली म्हणून कायम जागा भरली नाही. कायम माणूस नाही म्हणून पोरं येईनात. आता येईनात म्हणून विषय बंद. याला आमच्या गावात म्हणतात, आधी बैलाची वैरण तोडायची आणि मग मरतुकडा म्हणून बाजारात न्यायचा.

आणि बंद कुठला विषय केला? समाजशास्त्र. ज्या जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्ही भाषांतली माणसं परड्या घेऊन जातात, जिच्या नावानं मुली सोडण्याविरुद्ध 1982 साली तुम्हालाच कायदा करावा लागला, त्या जिल्ह्यात. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी नात्यागोत्यांचा अभ्यास मांडताना महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा म्हणून दाखवला. मामाच्या मुलीशी लग्न ही दक्षिणेकडची चाल. मी वर्गात विचारलं, कुणाकुणाच्या घरी मामाच्या मुलीशी लग्न झालंय? निम्मे हात वर. एक पोरगा म्हणाला, "सर, मग आपण दक्षिणेतले काय?" असा प्रश्न पुस्तकातून येत नाही, वर्गातून येतो. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास मुंबईत मालवणच्या घुर्ये सरांकडे शिकले, हे सांगितलं तेव्हा तर पोरं टक लावून बघत राहिली. मराठी गुरू, म्हैसूरचा शिष्य, मध्ये कुठे लाठी नाही.

राहता राहिलं राज्यशास्त्र. ते आम्हाला शिकवायचंच काय? सीमाप्रश्नावरचा 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल कर्नाटकानं उचलून धरला, महाराष्ट्रानं झिडकारला. त्याच अहवालात खानापूर महाराष्ट्राला द्यावं असं आहे! म्हणजे ज्यांनी आम्हाला ठेवायचं ते देऊन टाकणारा कागद कवटाळून बसलेत, आणि ज्यांना आम्ही हवे ते आम्हाला देणारा कागद फाडतात. 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेलं. त्या वर्षी जन्मलेली पोरं माझ्याकडे बारावी करून, मतदान करून, काहीजण पुण्याला कंपनीत लागून मोकळी झाली, खटला तिथेच. तिकडचे पुढारी 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधतात, फोटो येतो. फितीच्या पैशात किती झेरॉक्स निघतील याचा हिशेब मी एकदा वहीच्या शेवटच्या पानावर केला होता. त्यांनीही पुस्तिका छापून पाठवली नाही. तुमच्यावर एकट्यावर राग काढणं अन्यायाचं होईल. मुंबईवाल्यांना आम्ही भाषणात लागतो, तुम्हाला जनगणनेत.

बेळगावला 2012 साली सुवर्ण विधानसौध उभं केलंत. दहा दिवस अधिवेशन, बाकी वर्षभर त्यात कोण असतं ते मी बघायला गेलेलो नाही, पण जागा भरपूर असावी. एखादी खोली द्या, चौदा पोरं बसतील. विधिमंडळाचं कामकाज शिकवायला तर फळाही लागणार नाही, नुसतं बोट दाखवलं की झालं.

या चौदातली बरीच पोरं पुढच्या दीड-दोन वर्षांत अठराची होतील आणि तुमच्याच माणसाला किंवा तुमच्या विरोधकाला मत देतील. त्यांना निदान 'चुनावणे' म्हणजे काय हे ठाऊक असावं, इतकंच मागत होतो.

विषय परत सुरू करा. अर्ज कॉलेजच्या कपाटात आहेत, फेकलेले नाहीत, मी बघून आलो. पुस्तिका छापायची नसेल तर माझी वही घ्या, तीनशे चाळीस शब्द झालेत, चुका असतील तर कन्नडच्या मॅडमकडून तपासून घेतो. मानधन नको. नाव तुमचं टाका.

कळावे,

आपला,
खानापूर तालुक्यातील एक पाहुणा
(नाव लिहीत नाही. पुढच्या जूनमध्ये परत नेमणूक हवी आहे.)

ता. क. सोबत या पत्राची कन्नड प्रत जोडली आहे. भाषा समजली नाही म्हणून परत पाठवू नये. प्रत मीच केली आहे, 'गेस्ट'ला 'अतिथी' लिहिलंय, तो शब्द दोन्हीकडे चालतो.